राज्यगीतापलीकडचा शाहीर

शाहीर साबळे म्हटलं की महाराष्ट्रात कुणालाही एकच गाणं आठवतं. ते राजा बढे यांनी लिहिलं, श्रीनिवास खळे यांनी चालीत बांधलं आणि १९६०मध्ये, मराठी भाषकांचं राज्य आकाराला येत असताना, कृष्णराव गणपतराव साबळे यांच्या आवाजात घराघरांत पोचलं. कवी नागपूरचे, संगीतकार बडोद्यात वाढलेले आणि गायक सातारा जिल्ह्यातल्या पसरणीचे. संयुक्त महाराष्ट्राचं गाणं अशा तीन मुलखांतून आलेल्या माणसांनी करावं, यात एक औचित्य आहे. २०२३च्या शिवजयंतीपासून ‘जय जय महाराष्ट्र माझा’ हे राज्याचं अधिकृत गीत झालं, आणि योगायोगाने तेच वर्ष साबळ्यांच्या जन्मशताब्दीचं होतं.

इतकं मोठं भाग्य गायकाच्या वाट्याला क्वचित येतं. पण साबळ्यांमधल्या रचनाकाराचं नुकसान इथूनच सुरू झालं. त्या गाण्याचे शब्द त्यांचे नाहीत, चालही त्यांची नाही. ज्या वर्षी ते गाणं आलं, त्याच वर्षी त्यांनी ‘यमराज्यात एक रात्र’ हे आपलं मुक्तनाट्य रंगमंचावर आणलं. पुढची दहाएक वर्षं ‘शाहीर साबळे आणि पार्टी’ या नावाने हा माणूस गात, लिहीत, नट घडवत फिरत राहिला. ‘आबुरावाचं लगीन’, ‘ग्यानबाची मेख’, ‘कोयना स्वयंवर’, ‘आंधळं दळतंय’, ‘बापाचा बाप’, ‘कशी काय वाट चुकला’ ही त्या पार्टीची कमाई. यांतली किती नावं आजच्या चाळिशीतल्या वाचकाला ओळखीची वाटतील? गाणं अजरामर झालं, आणि ज्या दशकात साबळ्यांनी स्वतःचं सर्वांत धीट काम केलं, ते दशक त्या गाण्याच्या पाठीमागे राहिलं. पुढची पानं त्या दशकाबद्दल आहेत.

साठच्या दशकात स्वतःची गाणी स्वतः बांधून गाणाऱ्यांची एक पिढीच जगभर पुढे आली. न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेजमध्ये गिटार घेऊन बसणारी पोरं लोकगीतांच्या जुन्या चालींमध्ये वर्तमानपत्रातल्या बातम्या भरत होती. त्यांतला बॉब डिलन जगाला माहीत झाला. १९६५मध्ये न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात त्याने विजेची गिटार हातात घेतली आणि लोकसंगीत व रॉक यांची सांगड घातली, ही कथा पुष्कळदा सांगून झाली आहे. पण त्याच गर्दीत टिम हार्डिन आणि फ्रेड नील यांच्यासारखे गीतकार-गायकही होते. त्यांची गाणी दुसऱ्यांच्या गळ्यातून गाजली. हार्डिनचं गाणं बॉबी डॅरिनने लोकप्रिय केलं, नीलचं हॅरी निल्सनने. लोक गाणं गुणगुणत राहिले आणि ते बांधणारा विस्मरणात गेला. साबळ्यांचं उलट झालं. दुसऱ्याच्या शब्दांनी त्यांना अमर केलं आणि त्यांचे स्वतःचे शब्द मागे पडले. दोन्हीकडे उपेक्षा झाली ती रचनेचीच. फरक एवढाच की अमेरिकेत अशा उपेक्षितांवर पुस्तकं निघतात, जुन्या ध्वनिमुद्रिका नव्याने बाजारात येतात, तरुण गायक त्यांची गाणी पुन्हा गातात. आपल्याकडे शाहिराचा पुतळा होतो, पुरस्काराला त्याचं नाव दिलं जातं, आणि त्याने काय रचलं हे विचारायचं राहून जातं.

पसरणी हे वाईजवळचं गाव. पाचगणीला चढणारा घाट याच गावाच्या नावाने ओळखला जातो. ३ सप्टेंबर १९२३ रोजी साबळ्यांचा जन्म इथे झाला. त्या वेळचा सातारा जिल्हा आजच्याहून बराच मोठा होता. आजच्या सांगली जिल्ह्यातले वाळवा, तासगाव, खानापूर हे भाग त्यातच मोडत. १९४९मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६०मध्ये त्याला सांगली हे नाव मिळालं. साबळ्यांच्या जडणघडणीचा विचार करताना ही जुनी सीमा ध्यानात ठेवावी लागते, कारण शाहिरी आणि तमाशाच्या हिशेबाने कृष्णेचं हे सगळं खोरं एकच मुलूख आहे.

तासगावजवळच्या सावळजचे उमा-बाबू सावळजकर यांनी १८६५मध्ये ‘मोहना-बटाव’ हा वग उभा केला आणि तमाशाला कथानकाची जोड मिळाली. तोवर गण, गवळण, लावणी, सवाल-जवाब यांवर चालणाऱ्या रात्रीला वगाने नाटकाचा कणा दिला. वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी कुलकर्णीपण सोडून पठ्ठे बापूराव झाले आणि लावणीचं भांडार मागे ठेवून गेले. मिरजेजवळच्या कवलापूरने शिवा-संभा आणि पुढे काळू-बाळू ही जोडी दिली. जत्रेच्या फडात या जोडीला बघायला पंचक्रोशी लोटायची. वाटेगावचे अण्णा भाऊ साठे साबळ्यांपेक्षा तीनच वर्षांनी मोठे. आणि १८४३मध्ये विष्णुदास भावे यांनी ज्या ‘सीतास्वयंवरा’ने मराठी रंगभूमीचा आरंभ केला, ते सांगलीच्याच राजवाड्यात. नाटक, वग, लावणी, पोवाडा या चौघांनाही एवढ्या जवळजवळच्या गावांत इतकं जुनं घर मिळालेलं दुसरं खोरं महाराष्ट्रात शोधून सापडणार नाही.

साबळ्यांच्या घरात गाणं होतं. सुरुवातीचे धडे वडिलांकडून मिळाले, लहानपणी बासरीही हाती आली. पण शिक्षणासाठी त्यांना खानदेशात अमळनेरला आजोळी जावं लागलं आणि तिथे साने गुरुजी भेटले. शाळा सातवीच्या आतच सुटली. गुरुजी सुटले नाहीत. गाणं ही नुसती हौस नाही, त्याने माणसं जागी करता येतात, हा विचार साबळ्यांनी तिथून उचलला. पुढे गावी परतल्यावर पसरणीचं भैरवनाथाचं देऊळ दलितांसाठी खुलं झालं तेव्हा साने गुरुजी, सेनापती बापट, कर्मवीर भाऊराव पाटील, नाना पाटील अशी मंडळी गावात आली. एका खेड्यातल्या तरुण गायकाच्या आयुष्यात त्या काळाचा सगळा महाराष्ट्र असा दाराशी येऊन उभा राहिला होता.

आणि तो काळही साधा नव्हता. १९४३ ते १९४६ या वर्षांत साताऱ्याच्या खेड्यांतून प्रतिसरकार चालू होतं. गावोगाव न्यायदान होत होतं, तुफान सेना फिरत होती, आणि या सगळ्याला शाहीर लागत होते. शाहीर शंकरराव निकमांसारखे गायक पोवाड्यांतून चळवळीचा निरोप खेडोपाडी पोचवत. निरक्षर गावात पोवाडा हेच वर्तमानपत्र आणि हीच सभा. डफावर थाप पडली की माणसं चावडीपाशी जमायची. गाणाऱ्यामागे झीलकरी सूर धरायचे, तुणतुणं आणि टाळ साथीला असायचे, आणि अर्ध्या तासात जे सांगायचं ते सांगून शाहीर पुढच्या गावाला निघून गेलेला असायचा. साबळ्यांचं गाणं या हवेत तयार झालं. त्यांच्या आवाजाची उंची, शब्दांची स्पष्ट फेक, ओळीच्या शेवटी श्रोत्याला उत्तर द्यायला ठेवलेली जागा ही सगळी उघड्या माळावरची शिकवण आहे.

मुंबईत हा मुलूख गिरणगावात भेटतो. लालबाग, परळ, भायखळा या भागांत घाटावरची आणि कोकणातली माणसं गिरण्यांत राबायची, खाणावळीत जेवायची, एकेका खोलीत पाळीपाळीने झोपायची. त्यांच्यासाठी परळच्या दामोदर नाट्यगृहात कामगारांची नाटकं होत, लालबागच्या हनुमान थिएटरात तमाशा रंगे. या प्रेक्षकाला गावाकडची भाषा कळायची आणि शहरातला अन्यायही कळायचा. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्या लाल बावटा कलापथकाने याच श्रोत्यांसमोर चाळीस-पन्नासच्या दशकांत लोकनाट्य घडवलं. दुसरीकडे राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात वसंत बापटांसारखे कवी, निळू फुले, राम नगरकर यांच्यासारखे नट तयार होत होते. साबळे विचाराने साने गुरुजींचे, त्यामुळे दुसऱ्या धारेला जवळचे. पण त्यांनी कुठल्याही पक्षाचं पथक न होता स्वतःची पार्टी काढली. तिकीट लावून, प्रेक्षक जमवून, नटांना पगार देऊन ती चालवली. हा फरक वाटतो त्यापेक्षा मोठा आहे. पक्षाचं कलापथक सभेच्या आधी गातं; स्वतंत्र पार्टीला रात्र स्वतःच्या जोरावर निभवावी लागते. शेवटची रांग कंटाळली तर पुढच्या गावची सुपारी जाते.

मुक्तनाट्य हा शब्द साबळ्यांनी रूढ केला. स्वातंत्र्यानंतर लगेच तमाशावर सरकारी बंधनं आली होती, त्याच्या अश्लीलतेबद्दल मोठमोठ्या चर्चा झडत होत्या, आणि मध्यमवर्ग त्याच्याकडे नाक मुरडून बघत होता. साबळ्यांनी तमाशाच्या रचनेतलं जे जिवंत होतं ते घेतलं. शाहीर निवेदक म्हणून राहिला, सोंगाड्याची उलटसुलट बतावणी राहिली, गाण्याने प्रसंग उघडणं आणि मिटवणं राहिलं, आणि आजची बातमी आजच्या खेळात घालण्याची मोकळीक राहिली. शृंगाराची बैठक त्यांनी बाजूला सारली. बायकापोरांना घेऊन बघता येईल असा हा खेळ होता, पण म्हणून तो सोवळा झाला नाही. त्याचा तिखटपणा राजकारणाकडे वळला, इतकंच.

‘यमराज्यात एक रात्र’ या नावातच त्याची युक्ती आहे. यमाचा, इंद्राचा दरबार ही वगातली जुनी जागा. देवाला मर्त्यलोकाचे प्रश्न विचारता येतात, चित्रगुप्ताची वही उघडता येते, आणि जे मंत्र्याला तोंडावर बोलता येत नाही ते यमाला बोलता येतं. अण्णा भाऊंनी लोकनाट्याच्या गणातून गणपती काढून तिथे मातीला आणि हुतात्म्यांना वंदन केलं. तो रोखठोक मार्ग होता. साबळ्यांनी देवाचा दरबार ठेवला आणि त्याच्या आडून सरकारी कचेरी दाखवली. दोन्ही वाटांची धार वेगळी आहे. पहिलीत क्रांतीची घाई आहे. दुसरीत खेड्यातल्या माणसाची सवय आहे, जो पाटलाला थेट शिवी देत नाही, गोष्ट सांगतो.

‘कोयना स्वयंवर’ हे नाव मात्र फक्त साताऱ्याच्या माणसालाच सुचावं. पाटण तालुक्यात कोयनेवर धरणाचं काम पन्नासच्या दशकात सुरू झालं आणि १९६४मध्ये पुरं झालं. धरणाच्या शिवसागर जलाशयाखाली खोऱ्यातली गावं गेली, तिथली माणसं उठून दुसरीकडे वसली आणि कोयनेची वीज मुंबईकडे निघाली. महाराष्ट्राच्या विकासाची सगळी आशा आणि सगळी बोचणी या एका नदीत साठली होती. सांगलीच्या ‘सीतास्वयंवरा’नंतर सव्वाशे वर्षांच्या आतच त्याच खोऱ्यातल्या शाहिराने नदीचं स्वयंवर मांडावं, ही परंपरेतली फार सुंदर गाठ आहे. भाव्यांच्या नाटकातली नायिका राजकन्या होती, इथे ती नदी आहे. मराठी नाटकाच्या इतिहासात ही दोन स्वयंवरं शेजारी ठेवून बघायला हवीत.

या पार्टीतले नट हा आणखी एक मोठा विषय आहे. राजा मयेकर दीर्घकाळ साबळ्यांच्या बरोबर होते आणि या मुक्तनाट्यांतल्या त्यांच्या भूमिकांनीच त्यांना नाव मिळालं. दूरदर्शनच्या ‘गप्पागोष्टी’मध्ये पुढे महाराष्ट्राने जो सहज, मिश्कील नट पाहिला, त्याची तालीम इथली. सुहास भालेकरही याच पार्टीतून आले. लिहिलेला संवाद पाठ म्हणून दाखवणारा नट मुक्तनाट्यात टिकत नाही. समोरून आलेली टोमणेवजा आरोळी झेलून तिच्यातूनच पुढचं वाक्य काढावं लागतं, आणि तरी कथानक हातचं सोडायचं नाही. ‘विच्छा माझी पुरी करा’ने १९६५च्या सुमारास दादा कोंडके आणि वसंत सबनीस यांना जे यश दिलं त्याबद्दल भरपूर लिहिलं गेलं आहे. त्या यशाला तयार प्रेक्षक मिळाला तो कुणामुळे, हा प्रश्न विचारला की साबळ्यांचं नाव घ्यावंच लागतं. शहरी प्रेक्षकाला लोकनाट्याची गोडी लागली होती ती आधीच्या पाच-सात वर्षांत, आणि त्यात या पार्टीचा वाटा मोठा होता.

साबळ्यांचं सर्वांत गाजलेलं आणि सर्वांत अवघड मुक्तनाट्य म्हणजे ‘आंधळं दळतंय’. राज्य मिळालं, मुंबई मिळाली, पण त्या मुंबईत मराठी माणसाच्या हाती काय आलं, हा त्याचा सवाल होता. ‘मार्मिक’ साप्ताहिक १९६०पासून हाच प्रश्न व्यंगचित्रांतून विचारत होतं. १९६६च्या जूनमध्ये शिवसेना स्थापन झाली. साबळ्यांच्या मुक्तनाट्याने त्या वातावरणाला आवाज दिला, हे नाकारता येणार नाही. म्हणून काही जण त्याला प्रचार म्हणून बाजूला काढतात, आणि काही जण त्याच कारणाने डोक्यावर घेतात. दोन्ही बाजूंनी त्यातली कला वाचायची राहून जाते.

ते नीट वाचायचं तर अण्णा भाऊंच्या ‘माझी मैना गावावर राहिली’शेजारी ठेवावं लागतं. दोन्ही रचनांचा गाभा मुंबईला आलेला मराठी गरीब. अण्णा भाऊंच्या छक्कडीतला नायक गावापासून, आपल्या माणसापासून तुटलेला आहे, आणि त्या ताटातुटीतून तो कामकऱ्यांच्या लढ्याकडे आणि सीमाभागाच्या दुःखाकडे जातो. त्याच्या शहरात शत्रू आहे तो भांडवलाचा. साबळ्यांचा माणूस शहरात रुळलेला आहे, पण घरचा मालक असून ओसरीवर बसवला गेला आहे, अशी त्याची भावना आहे. त्याच्या नजरेला आधी शेजारी परप्रांतीय दिसतो. अण्णा भाऊंची नजर अधिक खोल गेली, असं इथे स्पष्ट म्हणायला हवं. गिरणीतून काढलेल्या मराठी कामगाराचं आणि नुकत्याच आलेल्या कारकुनाचं भांडण लावून देणारा कोण, याचं उत्तर ‘आंधळं दळतंय’च्या सवालात पुरेसं सापडत नाही. पण म्हणून साबळ्यांनी पकडलेली वेदना खोटी ठरत नाही. आपण ज्यासाठी रस्त्यावर उतरलो, ज्यासाठी एकशे पाचांहून अधिक माणसांनी प्राण दिले, ते आपल्या हाती आलंच नाही, ही भावना १९६०नंतरच्या मुंबईत खरी होती. कविता-कादंबऱ्यांच्या आधी ती लोकरंगभूमीवर आली. एका दशकाचं मन समजून घ्यायला यासारखी साधनं फार थोडी असतात, आणि त्यांच्याशी वाद घालणं हादेखील त्यांचा सन्मान असतो.

साबळ्यांच्या गळ्याबद्दल बोलताना ‘पहाडी आवाज’ हे दोन शब्द ठरलेले आहेत. स्तुती म्हणून ते चांगले, पण ते उच्चारले की माणूस पुढे ऐकायचा थांबतो. उंच पट्टी, भरीव दम, दूरवर जाणारा सूर हे सगळं त्यांच्याकडे होतंच. त्यापलीकडचं ऐकायचं तर एकनाथांचं ‘विंचू चावला’ हे भारूड साबळ्यांच्या आवाजात ऐकावं. विंचवाच्या वेदनेने कळवळणारा माणूस आणि त्या वेदनेचा आध्यात्मिक अर्थ सांगणारा संत, असे दोघं एकाच गळ्यातून एकाच वेळी बोलतात. ओरडा खरा वाटतो आणि त्यात हसूही असतं. शब्दाच्या मधोमध सूर किंचित वाकवून ते सोंग उभं करतात. गाणं थांबतं कधी आणि अभिनय सुरू होतो कधी, ते कळत नाही. शास्त्रीय बैठकीचा गायक हे भारूड कितीही सुरेल गाईल, पण त्याला ते सोंग मिळणार नाही, कारण ते गळ्याइतकंच सोंगाड्याच्या सहवासातून येतं. तीच गोष्ट खंडोबाच्या जागरणगीतांची. तिथे आवाज भक्ताचा असतो आणि ठेका वाघ्याच्या पायांचा.

अशा गायकाने राष्ट्रगौरवाचं, समूहाने म्हणायचं गाणं गायलं तेव्हा त्याच्या आवाजातला एकच पैलू वर आला, तो म्हणजे उभारी. मिश्कीलपणा, कुरबूर, लाडीगोडी, कळवळा यांना त्या चालीत जागा नव्हती, आणि खळ्यांनी ती ठेवली नाही हे बरोबरच. पण साठ वर्षं तेवढाच पैलू कानावर पडल्यामुळे साबळे म्हणजे ललकारी असं समीकरण झालं.

उपेक्षेचं दुसरं कारण तंत्राचं आहे. ७८ फेऱ्यांच्या ध्वनिमुद्रिकेच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावत. पोवाड्याचाच त्यात तुकडा पडायचा. मुक्तनाट्य तर तासन् तास चालणारं. कंपन्यांनी साहजिकच सुटी गाणी मुद्रित केली. ती आकाशवाणीवर वाजली, पुढे ध्वनिफितींवर गेली, आता मोबाइलवर आहेत. नाट्य मात्र रोज बदलत होतं. मंगळवारी कऱ्हाडला जे वाक्य हशा घेऊन गेलं, ते शनिवारी इस्लामपुरात बदललेलं असायचं, कारण मधल्या काळात वर्तमानपत्रात दुसरी बातमी आलेली असायची. अशा रचनेचं संहितेच्या कागदावर फार थोडं उरतं. समीक्षेला कागद हवा असतो. त्यामुळे मराठी नाट्यसमीक्षेने साठच्या दशकाचा इतिहास लिहिला तो तेंडुलकर, कानेटकर, दळवी, खानोलकर अशा छापील संहितांच्या आधारे. त्याच काळात ज्या खेळांना खेड्यांत आणि गिरणगावात गर्दी होत होती, त्यांना ‘लोककला’ असं एक गोळाबेरीज नाव देऊन परिशिष्टात बसवलं गेलं.

तिसरं कारण साबळ्यांच्या पुढच्या यशातच आहे. ‘महाराष्ट्राची लोकधारा’ या कार्यक्रमातून त्यांनी वासुदेव, गोंधळी, वाघ्या-मुरळी, भारूड, कोळीनृत्य यांना एका रंगमंचावर आणलं. शहरात जन्मलेल्या पिढीला आपल्या मुलखाची ओळख तिथे झाली. भरत जाधव, अंकुश चौधरी, केदार शिंदे अशी मुलं त्यातून घडली. १९८४मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि १९९८मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा देशाने त्यांना ओळखलं ते लोककलांचे जतनकार म्हणून. हे काम मोठं आहे, त्याबद्दल कृतज्ञच राहायला हवं. तरी लोकधारेतला साबळे हा परंपरा सांभाळणारा आहे आणि मुक्तनाट्यातला साबळे परंपरेला कामाला लावणारा आहे. पहिल्याचा गौरव झाला. दुसरा अधिक अस्वस्थ, अधिक चुका करणारा आणि म्हणूनच अधिक रसाचा आहे. ‘माझा पवाडा’ हे आत्मचरित्र या दोघांमधला दुवा समजून वाचावं.

घरातही ही अस्वस्थता पुढे गेली. मुलगा देवदत्त साबळे यांनी ‘ही चाल तुरुतुरु’ आणि ‘मनाच्या धुंदीत’ या गाण्यांना चाली दिल्या आणि जयवंत कुलकर्णींच्या आवाजात ती कॉलेजातल्या पोरांनी उचलली. डफाच्या घरात पाश्चात्त्य ढंगाचा वाद्यमेळ आला, पण शब्द कानात ठसण्याची जी मराठी रीत त्यांत आहे ती वडिलांकडचीच. मराठी गाण्यात लोकसंगीत आणि रॉक यांची भेट कुठे झाली हे शोधणाऱ्याने या दोन चालींपाशी थांबायला हवं. नातू केदार शिंदे यांनी एप्रिल २०२३मध्ये ‘महाराष्ट्र शाहीर’ हा चित्रपट आणला, अजय-अतुल यांनी त्याला संगीत दिलं, आणि अंकुश चौधरींनी आपल्याच गुरूची भूमिका केली. २० मार्च २०१५ रोजी मुंबईत शाहिरांचं निधन झालं होतं. चित्रपटाने त्यांचं नाव पुन्हा तरुणांच्या तोंडी आणलं.

त्या चित्रपटाने आणखी एक गोष्ट केली. भानुमती साबळे यांना त्याने पडद्यावर मध्यभागी आणलं. शाहिरांच्या या पहिल्या पत्नी स्वतः कवयित्री होत्या आणि पार्टीसाठी त्यांनी गाणी लिहिली. शाहिरीच्या जगात रचना कुणाची हे सांगण्याची शिस्त कमी. फड ज्याच्या नावाचा, गाणं त्याचं, असाच रिवाज. लावणीकारांच्या बाबतीत शेवटच्या कडव्यात नाव गुंफलेलं असतं म्हणून निदान पुरुष रचनाकार तरी ओळखता येतात. घरात बसून ओळी बांधून देणाऱ्या स्त्रीला ती सोयही मिळाली नाही. त्यामुळे साबळ्यांच्या रचनांचा नीट अभ्यास व्हायचा तर त्याचं पहिलं काम कोरडं आणि चिकाटीचं आहे. जुन्या ध्वनिमुद्रिकांच्या चकत्यांवरची नावं, जाहिरातींचे कागद, घरातल्या वह्या आणि आत्मचरित्रातले उल्लेख एकमेकांशी ताडून प्रत्येक गाण्यापुढे गीतकाराचं नाव लिहायचं: कुठलं पारंपरिक, कुठलं शाहिरांचं, कुठलं भानुमतींचं. दुसरं काम घाईचं आहे. राजा मयेकर २०२०मध्ये गेले, सुहास भालेकर त्याआधी. साठच्या दशकात पसरणीच्या, वाईच्या, कऱ्हाडच्या मैदानात पुढच्या रांगेत बसलेली पोरं आज पंचाहत्तरीच्या पुढे आहेत. खेळातलं एखादं गाणं, सोंगाड्याचं एखादं वाक्य त्यांना अजून पाठ असतं. त्या आठवणी ध्वनिमुद्रित करायचं काम सातारा-सांगलीतल्या महाविद्यालयांच्या मराठी विभागांना याच वर्षी हाती घेता येईल.